‘येशूनं तरी कुठे गोळी घेतली होती?’

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: ‘माझे मिस्टर 47 वर्षांचे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झाला. जबड्याचं ऑपरेशन झालं, रेडिएशन संपून पाच आठवडे झाले. नाकातून नळी आहे, बोललेलं समजत नाही म्हणून पाटीवर लिहितात. आम्ही कॅथलिक आहोत. प्रार्थनेला येणारे म्हणतात, देव आपल्या लाडक्यांनाच क्रूस देतो. सासूबाई म्हणतात, ही खर्ऱ्याची शिक्षा. आणि हे दुखायची गोळी घेत नाहीत. पाटीवर लिहितात, येशूनं तरी कुठे घेतली होती? रात्रभर कण्हतात, मला ऐकवत नाही. या दुःखाला काही अर्थ असतो का? असला तर तो त्यांना कसा समजावून सांगू?’

ताई, मी धर्मगुरू नाही आणि सिस्टरही नाही, म्हणजे मठातली नाही. वॉर्डातली सिस्टर होते. 29 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली 17 कॅन्सरच्या वॉर्डात. निवृत्त झाल्यापासून आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या भागातल्या, आजाऱ्यांना घरी कम्युनियन (मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, मिळणारी पवित्र भाकर) नेऊन देते. मूळची वसईची, लग्न होऊन नागपुरात आले आणि आता उन्हाळ्याची तक्रारसुद्धा नागपुरी ढंगातच करते. पुढे रुग्णांबद्दल जे लिहिलंय त्यातले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.

तुमचा अर्थाचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते, कारण वॉर्डात आमचा क्रम ठरलेला होता: आधी दुखणं, मग बाकीचं. आम्ही विचारायचो, शून्य ते दहा, किती दुखतंय? सात-आठवर गेलेला माणूस अर्थबिर्थ शोधत नसतो. तो घड्याळ बघत असतो. त्याच्या उशाशी बसून कुणी कितीही चांगली प्रार्थना केली तरी ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून गोळीबद्दल आधी बोलू.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. क्रूसावर खिळण्याआधी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता आणि त्यानं तो घेतला नाही, हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. वेदना बधिर व्हावी म्हणून तो देत असत, असं सांगितलं जातं. पण गुड फ्रायडेला आपण योहानाच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाची कथा ऐकतो. तिथं तोच येशू क्रूसावरून म्हणतो, ‘मला तहान लागली आहे.’ कुणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज त्याच्या तोंडाशी नेतो, आणि तो ती आंब घेतो. मग म्हणतो, पूर्ण झालं. म्हणजे सगळ्यात शेवटी त्यानं मागितलं, आणि जे दिलं ते घेतलं. मिस्टरांना पाटीवर हे लिहून दाखवा. रेडिएशननं लाळग्रंथी सुकतात, तेव्हा तहान म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. (गिळताना ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी तोंडानं पाणी मना केलं असेल तर घोट देऊ नका. उकळून गार केलेल्या पाण्यात गॉझ बुडवून, पिळून, ओठ आणि जीभ ओली करा. तासातासाला केलं तरी चालतं.)

ख्रिस्तसभा, म्हणजे आपलं चर्च, याबद्दल काय सांगते, तेही त्यांना कळू दे. 24 फेब्रुवारी 1957 रोजी पोप बारावे पायस भूलतज्ज्ञांसमोर याच विषयावर बोलले. इटलीतल्या डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारलं होतं: कॅथलिक माणसानं वेदनाशामक औषध घेणं योग्य आहे का? त्यांचं उत्तर होतं, हो. दुखणं सोसायचं असं कुठलंही बंधन नाही. कुणी आपणहून थोडं सोसायचं ठरवलं तर ते त्याचं स्वातंत्र्य. पण वेदना माणसाला खचवतेही, आणि मनाला ज्या मोठ्या गोष्टी करायच्या असतात त्यांच्या आड येते. औषधानं गुंगी आली, क्वचित आयुष्य थोडं कमी झालं, तरी हेतू वेदना शमवण्याचा असेल आणि दुसरा उपाय नसेल तर ते चालतं, इथपर्यंत ते गेले. 1980 मध्ये व्हॅटिकननं काढलेल्या निवेदनात तर तुमच्या मिस्टरांचीच गोष्ट आहे. काही ख्रिस्ती लोक ख्रिस्ताशी एकरूप व्हावं म्हणून औषध बेतानं घेतात, हे तिथं मान्य केलंय. पण असं शौर्य सगळ्यांवर नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही, असंही लगेच म्हटलंय.

आता नर्स म्हणून चार गोष्टी. गोळी ‘दुखलं की’ द्यायची नसते, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी द्यायची असते. दुखणं वर चढू द्यायचं आणि मग त्याच्या मागे धावायचं, यात औषध जास्त लागतं. मॉर्फिन लिहून दिलं असेल तर ‘व्यसन लागेल’ म्हणून घाबरू नका. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. त्यानं पोट मात्र हमखास कडक होतं, शौचाला होत नाही, सोबत त्याचं औषध मागून घ्या. आणि नळीतून देण्यासाठी गोळी कुटण्याआधी विचारा. हळूहळू विरघळणारी, बारा तासांची गोळी कधीही कुटायची नाही, सगळं औषध एकदम अंगात जातं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे पूर्वी मॉर्फिनसाठी इतके परवाने लागत की हॉस्पिटलं ते ठेवतच नसत. तो कायदा 2014 मध्ये सैल केला, तरी आजही ते ठरावीक हॉस्पिटलांतूनच मिळतं. वेदनाशमन विभाग कुठे आहे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि एक करा. त्यांना एकटं गाठून पाटीवर विचारा: तुम्ही हे दुखणं देवाला देऊन राहिले की स्वतःला शिक्षा करून राहिले? वरून दोन्ही सारखंच दिसतं. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे, आणि त्याचं मूळ सासूबाईंच्या वाक्यात आहे.

खर्रा आपल्याकडे चौदा-पंधराव्या वर्षी सुरू होतो. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा तो आवाज नागपुरातल्या पोराच्या कानाला शाळेच्या घंटेइतका ओळखीचा असतो. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. खर्रा तेव्हाही ठेल्यावर होता, आजही आहे. मी वॉर्डात शेकडो तोंडं पाहिली, आधी दोन बोटं शिरतील एवढी उघडणारी आणि मग तेवढीही नाही. खर्ऱ्यानं कॅन्सर झाला, हे खरं आहे. पण तो परिणाम आहे. शिक्षा देणाऱ्याच्या मनात राग असतो. परिणामाला मन नसतं. चुन्यानं गाल जळतो तो खाणाऱ्याचा स्वभाव बघून नव्हे. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणाला, दोघांचंही नाही. आणि पुढे व्याख्यान न देता थुंकीनं माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावली. दुसऱ्या एका वेळी शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, तेव्हाही लोकांना वाटलं, ती जास्त पापी असतील. तेही त्यानं साफ नाकारलं.

सासूबाईंवर रागावू नका, असं मी म्हणणार नाही, रागवा. फक्त एवढं लक्षात असू द्या की त्या आई आहेत. कारण सापडलं की माणसाला पायाखाली जमीन लागल्यासारखी वाटते. ‘त्यानं खाल्लं म्हणून त्याला झालं’ असं म्हटलं की जगाचा हिशेब जुळतो. हिशेब न जुळणारं जग म्हाताऱ्या माणसाला फार भीती घालतं.

पण मिस्टरांच्या मनात खरोखर अपराधाची बोच असेल, घरचे पैसे ठेल्यावर गेले, मुलांसमोर खाल्लं, तुम्ही हात जोडले तरी ऐकलं नाही, तर ती बोच ‘जाऊ द्या हो’ म्हणून पुसू नका. त्यासाठी पापनिवेदन आहे. बोलता येत नाही म्हणून अडत नाही. फादरांना घरी बोलवा, तुम्ही खोलीबाहेर थांबा. ते पाटीवर लिहितील, फादर वाचतील, पुसतील आणि क्षमा उच्चारतील. लिहायचीही ताकद नसेल तर खुणेवर होतं. मी एका ट्रकवाल्या दादांना असं करताना काचेतून पाहिलंय. फादरांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली, तर दादांनी ती परत मागून घेतली आणि स्वतःच्या बाहीनं आणखी एकदा पुसली. त्या रात्री त्यांनी गोळी मागितली.

आता प्रार्थनेला येणाऱ्यांबद्दल. ‘देव लाडक्यांनाच क्रूस देतो’ हे वाक्य मीही म्हणायची. नोकरीचं तिसरं वर्षं होतं, तेव्हा मुलांच्या वॉर्डात होते. एका बाईचं सहा वर्षांचं पोर पहाटे गेलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, देवाची इच्छा, त्याला आवडला म्हणून बोलावून घेतलं. तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, ‘मंग तुमचा देव तुमच्यापाशीच ठेवा.’ आवाजही चढवला नाही तिनं. मी पुढची कितीतरी वर्षं कुणाच्या मरणाबद्दल देवाचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि त्यानं माझं नर्सिंग सुधारलंच.

बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचंही हेच झालं. ते आले, त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर सगळं उत्तम चाललं होतं. मग तोंड उघडलं आणि कारणं द्यायला लागले: तू काहीतरी केलं असशील, देव सुधारतो म्हणून मारतो, वगैरे. शेवटी देव कुणावर चिडतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब बरोबर बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. आमच्या प्रार्थनामंडळातल्या बायकांना मी हे दर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सांगते. काही जणी ऐकतात.

तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्यांना सरळ सांगा: बसा, माळ म्हणा, जाताना मुलांचा डबा घेऊन जा, पण कारण सांगू नका. मिस्टरांना देवाशी भांडायचं असेल तर भांडू द्या. येशूनं गेथशेमानेच्या बागेत ‘हा प्याला माझ्यापासून टळू दे’ अशी प्रार्थना केली. त्यानं दुःख हसत कवटाळलं नाही. क्रूसावर त्यानं जे ओरडून विचारलं, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’, ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. आणि 88 वं स्तोत्र तर संपतंच अंधारात. प्रार्थनेच्या पुस्तकातच तक्रारीला जागा ठेवलेली असताना आपण आजाऱ्याचं तोंड का दाबायचं?

आता अर्थाकडे येते.

माझी शेजारीण बौद्ध आहे. तिच्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथं बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली होती. आम्ही दोघी संध्याकाळी गच्चीवर बसतो, आणि माझी रुग्णांची गाऱ्हाणी ती वर्षानुवर्षं ऐकत आलीय. तिचं म्हणणं सरळ: ‘ताई, दुःख आहे, त्याले कारण आहे, ते थांबोता येते. मंग ते कुरवाळत कायले बसता तुम्ही लोकं?’ हा प्रश्न मला कुठल्याही प्रवचनापेक्षा उपयोगी पडला. क्रूस, काटेरी मुकुट, रक्त हे सगळं भिंतीवर असलेल्या घरात दुःखाची गोडी लागायला वेळ लागत नाही. तिला मी जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देते. आमच्या श्रद्धेत दुःख चांगलं नाही. ते वाईटच आहे. येशू ज्यांना भेटला त्यांना त्यानं बरं केलं, कुणाला ‘सोस, छान आहे’ म्हणाला नाही. थांबवता येतं तेवढं थांबवायचं, यात तिचं-माझं काही भांडण नाही. प्रश्न उरतो तो न थांबणाऱ्या दुःखाचा. मॉर्फिन दिल्यावरही जे उरतं त्याचा. चेहरा बदलला, आवाज गेला, पोरगी बापाकडे बघायला बिचकते, याला गोळी नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी दुःखावरच एक पत्र लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी, 13 मे 1981 ला, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या; म्हणजे लिहिणारा माणूस खाटेवर पडून आलेला होता. म्हातारपणी पार्किन्सननं त्यांचे हात कापायचे, शेवटी शब्दही फुटेना, तेही जगानं पाहिलं. त्या पत्रात ‘का’ला उत्तर नाही. ख्रिस्त दुःखाचं कारण समजावत बसत नाही, तो म्हणतो, ये, माझ्याबरोबर चल. आणि चालता चालता माणसाला आपलं उत्तर हळूहळू सापडतं, असं ते सांगतात. संत पौलाच्या एका अवघड वाक्याभोवती ते पत्र फिरतं: ख्रिस्ताच्या दुःखात जे उरलंय ते मी माझ्या देहात भरून काढतो. ख्रिस्ताचं काही कमी पडलं होतं, असा त्याचा अर्थ नाही. त्यानं आपल्यासाठी जागा ठेवली, असा आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर मिस्सेत बघा. अर्पणाच्या वेळी फादर चषकात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचा एक थेंब टाकतात. तो थेंब नंतर वेगळा काढता येत नाही. मी आजाऱ्यांना सांगते, तुमची रात्र म्हणजे तो थेंब. ती एकटी असली तर नुसती वाया गेलेली रात्र. चषकात पडली की ती त्याच्या दुःखात मिसळली, आणि त्याच्या दुःखाचा जो उपयोग झाला तो तिचाही झाला. याला आपण अर्पण म्हणतो.

अर्पण आणि नवस यांत लोक गल्लत करतात, आपले कॅथलिकसुद्धा. नवसात सौदा असतो: हे कर, मग मी ते देईन. वेलंकनी मातेच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, मी स्वतः असे सौदे केलेत, त्यामुळे नावं ठेवत नाही. अर्पणात मागणं असलं तर दुसऱ्यासाठी, आणि परत काय मिळालं हे तपासायचं नसतं. आमच्याकडे एक रेल्वेतले काका होते, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे, घशाचा कॅन्सर. त्यांचा सख्ख्या भावाशी घराच्या वाटणीवरून अबोला. रात्री दोन ते तीन हा तास त्यांना सगळ्यात वाईट जायचा. मी म्हटलं, सगळं दुःख देवाला वगैरे नका देऊ, तेवढं कुणालाच जमत नाही. हा एक तास एका माणसाच्या नावानं द्या. त्यांनी भावाचं नाव घेतलं. भाऊ आला का? नाही आला. मातीला आला. पण काका मला म्हणाले होते, ‘सिस्टर, आधी दोन वाजायची धास्ती वाटायची. आता दोन वाजले की मला काम असते.’ अर्थ या शब्दाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

मात्र हे काकांनी म्हटलं, मी नाही. ‘समजावून कसा सांगू’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे: सांगू नका. दुःखाचा अर्थ ज्याचं दुःख त्यानंच उच्चारायचा असतो. दुसऱ्यानं सांगितला की तेच वाक्य टोचणी होतं. तुम्ही फक्त विचारू शकता, ‘आजची रात्र कुणासाठी देऊ या?’ ते पाटीवर नाव लिहितील, किंवा पाटी उलटी ठेवतील. उलटी ठेवली तर राहू द्या. माझ्या एका मास्तरांना शेवटपर्यंत काही सापडलं नाही. कम्युनियनसुद्धा नको म्हणायचे, मी जाऊन क्रिकेटचा स्कोअर सांगून यायची. ते काही कमी पडले, असं मला कधी वाटलं नाही.

संतांची उदाहरणं मी जपून देते. आपल्या देशातली पहिली स्त्री संत अल्फोन्सा वर्षानुवर्षं आजारी होती, 1946 मध्ये 35 व्या वर्षी गेली, आणि 2008 मध्ये तिला संतपद मिळालं. इथल्या मल्याळी कुटुंबांत तिची तसबीर घरोघर दिसते. पण तुमच्या मिस्टरांना मी फ्रान्समधल्या लिज्यूच्या संत तेरेसाबद्दल सांगेन. 1897 मध्ये ती 24 व्या वर्षी क्षयानं गेली. शेवटच्या महिन्यांत तिला स्वर्ग आहे यावरच विश्वास ठेवणं जड जात होतं, आणि तिनं मठातल्या आपल्या बहिणीला सावध केलं होतं की असह्य वेदना असलेल्या रुग्णाच्या हाताशी विषारी औषधं ठेवू नका. संत बाईचा हा सल्ला मी नर्स म्हणून जसाच्या तसा देते. औषधांचा डबा तुमच्याजवळ ठेवा. मिस्टरांनी ‘आता बस झालं’, ‘तुम्ही सुटाल’ असं काही लिहिलं तर ती श्रद्धेची कमजोरी समजून झाकून ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःलाही बोलायला चालेल.

कारण प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंय: मला ऐकवत नाही. ‘क्रूसाची वाट’ या प्रार्थनेत पाचव्या ठिकाणी आपण थांबतो तो कुरेनेचा शिमोन. लोक त्याला मदत करणारा भला माणूस समजतात. तो शेतावरून घरी चालला होता. शिपायांनी त्याला येशूचा क्रूस वाहायला वेठीला धरलं. तुम्हालाही वेठीलाच धरलंय. शिमोन वाटेत कुरकुरला नसेल असं मला वाटत नाही, तरी क्रूस वाहिला गेला. तेव्हा चिडचिड झाली म्हणून पाप लागत नाही. आठवड्यातून दोन रात्री दिराला किंवा भावाला उशाशी बसवा आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. कम्युनियनआधी तासभर उपाशी राहायचा नियम आजाऱ्यांना नाही, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही, हे 1983 च्या धर्मसंहितेत लिहिलेलं आहे. नियम करणाऱ्यांनी तुमचा विचार केलाय, तुम्हीही करा. आणि त्या 1984 च्या पत्राचा शेवटाकडचा मोठा भाग क्रूसावर नाही, चांगल्या शोमरोनी माणसावर आहे, जो रस्त्यावरच्या जखमी माणसाला बघून थांबला, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, धर्मशाळेचे पैसे भरले. दुःख जगात प्रेम जागं करतं, असं पोप तिथं लिहितात. तुमचा तो ओला गॉझ त्यात धरलेला आहे. (पैशांवरून आठवलं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारलं नसेल तर विचारा.)

शेवटी रुग्णाभ्यंगाबद्दल, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराबद्दल, कारण तुम्ही तो करून घेतल्याचं लिहिलेलं नाही. तेल लावायला फादर आले म्हणजे आता संपलं, ही भीती आपल्या जुन्या लोकांत अजून आहे. पूर्वी त्याला अंत्याभ्यंग म्हणत आणि तो अगदी शेवटच्या घटकेला देत, त्यातून ती आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्येच सांगितलं की हा फक्त मरणाऱ्यांचा संस्कार नाही, आजार गंभीर झाला की घ्यावा. 1972 पासून त्याचा विधीही तसा बदलला. परत घेता येतो. पवित्र सप्ताहाच्या सुमारास सदरच्या आपल्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप हे तेल आशीर्वादित करतात आणि तिथून ते धर्मग्रामांत जातं. फादर कपाळाला आणि तळहातांना तेल लावतील. ओठांना हात लागणार नाही, हे मिस्टरांना आधी सांगून ठेवा. ऑपरेशन झालेली माणसं चेहऱ्याजवळ हात आला की दचकतात. गिळता येत नसेल तर कम्युनियन नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही देता येतं, अगदी थेंबभर. पण त्यांच्या गिळण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते फादरांना आधीच कळवा, आणि थेंबही नको म्हटलं असेल तर नुसती मनातून कम्युनियनची इच्छा धरायची.

मिस्सेला येत नाहीत म्हणून ओढून नेऊ नका. बँडेज लावलेल्या तोंडानं शंभर लोकांत बसणं काय असतं, ते मी त्यांच्या जागी नाही म्हणून मला सांगता येणार नाही. घरीच होऊ द्या. स्टुलावर पांढरा कपडा, छोटा क्रूस, एक मेणबत्ती, बास. मे महिन्यात लोक मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा आणि कूलर दोन्ही बंद करतात, आणि आजारी माणूस संपूर्ण प्रार्थनाभर घामानं भिजत पडलेला असतो. कूलर चालू राहू द्या. मेणबत्ती विझली तर विझली.